तळटीप : ‘पिदे’

१४. पिदे : लेखक या शब्दासाठी कुठे ‘पोलीस’ लिहितात, कुठे ‘हेर’. दोन्ही बरोबर, दोन्ही अपुरे. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालमधली ही राजकीय गुप्त पोलीस यंत्रणा १९३३ मध्ये ‘पव्हदे’ म्हणून सुरू झाली, १९४५ मध्ये ‘पिदे’ झाली आणि १९६९ मध्ये ‘देजेएस’. पाट्या बदलल्या, काम तेच राहिले. पगारी माणसांपेक्षा तिची खरी मदार खबऱ्यांवर होती. लोक त्यांना ‘बुफू’ म्हणत. चौकशीत ‘पुतळा’ नावाचा प्रकार होता : कैद्याला तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस, न हलता उभे करायचे आणि झोपू द्यायचे नाही. अंगावर वळ उठत नाहीत, पाय मात्र सुजून बूट काढता येत नाहीत.

सालाझारविरोधी जनरल उंबेर्तू देलगादू यांना १९६५ मध्ये स्पेनच्या सीमेवर बोलावून पिदेने ठार केले. सोबतच्या सचिव बाईही वाचल्या नाहीत. गोळ्या झाडणारा काझिमिरू मोंतेरू गोव्यात जन्मलेला. स्वातंत्र्यसैनिकांचा छळ करणारा ‘एजंट मोंतेरू’ म्हणून गोवेकर ज्याला ओळखत, तोच हा. त्याला शिक्षा झाली ती १९८१ मध्ये, तीही गैरहजेरीत.

ही राजवट उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीला रक्तहीन म्हणण्याचा प्रघात आहे, प्रस्तुत पुस्तकातही. पण त्या दिवशी लिस्बनमधल्या मुख्यालयाच्या खिडक्यांतून पिदेच्या माणसांनी जमावावर गोळीबार केला आणि चौघे मेले. त्या इमारतीत आता आलिशान सदनिका आहेत.
— संपा.