ओत्ले यांची कार्डे आणि ज्ञानाची उतरंड

पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५ साली ब्रुसेल्स येथे जागतिक ग्रंथसूचीचे कार्य आरंभिले. एक कोटीहून अधिक कार्डांपर्यंत वाढलेल्या या सूचीच्या आधारे टपालाने आलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. १९३४ मध्ये तर ओत्ले यांनी दूरध्वनी व पडदा यांच्या साहाय्याने घरबसल्या ग्रंथ वाचण्याची कल्पना मांडली. परंतु सर्वांना खुल्या होऊ पाहणाऱ्या या ज्ञानाची मांडणी तटस्थ नव्हती. ड्यूईच्या पद्धतीवर आधारलेल्या त्यांच्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणात ख्रिस्ती धर्माला २२ ते २८ हे विभाग मिळाले. उर्वरित सारे धर्म २९ मध्ये कोंबले गेले. धर्मविभागाची फेररचना होण्यास २००० साल उजाडले. वाचकाला ग्रंथापर्यंत नेणारी वाटच ग्रंथांची उतरंडही ठरवीत होती.