धूसर चित्राचा इतिहास

पडद्यावरचे चित्र मुद्दाम बिघडवण्याची विनंती, आणि तीही खुद्द यंत्राच्या जनकाकडून! डच शास्त्रज्ञ ख्रिश्चन हायगन्स याने १६५९ च्या सुमारास दिवा, भिंगे आणि काचेवरचे चित्र यांचा मेळ घालून 'जादूचा दिवा' सिद्ध केला. शनीच्या कड्यांचे कोडे उलगडणाऱ्या या विद्वानाला आपलेच हे खेळणे मात्र थिल्लर वाटे. १६६२ मध्ये वडिलांनी ते फ्रान्सच्या राजदरबारी दाखवण्याचा बेत केला. तेव्हा हायगन्सने भावाला कळवले, की आतले एक भिंग हळूच काढून ठेव, म्हणजे यंत्र चालायचे नाही. भिंगाची जागा चुकली की चित्र गेले. स्लाइड प्रोजेक्टरच्या तक्रारींचा इतिहास असा आरंभापासूनच सुरू होतो.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण घरगुती आहे. कित्येक घरांच्या माळ्यावर जुना प्रोजेक्टर आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइड्सचा डबा पडून असतो. त्यात लग्नकार्ये असतात, यात्रा असतात, आता हयात नसलेली माणसे असतात. कधीतरी हौसेने यंत्र लावले जाते, भिंतीवर धुके उमटते, आणि 'स्लाइड्स खराब झाल्या' असा निकाल देऊन डबा भंगारात निघतो. वास्तविक रंग उडणे निराळे आणि रेषा पुसट दिसणे निराळे. रंग उडाला तर दोष स्लाइडचा. रेषा पुसट असेल तर तो बहुधा यंत्राचा. या यंत्राच्या प्रत्येक दोषाला त्याचा काळ आहे. तो ओळखला की उपायही सापडतो.

पहिला काळ काचेचा. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले, तेव्हा त्यांची चित्रे काचेवर हाताने रंगवलेली होती. दिव्याच्या धगीने काच फिल्मसारखी वाकत नाही. एकदा भिंग जुळवले की चित्र जागेवर राही, आणि जुळवणारा हात यंत्रापाशीच असे. या काळाचा दोष म्हणजे हायगन्सचाच: भिंग उलटे बसणे किंवा जागा चुकणे. आजही कोणी पुसण्यासाठी आतली कंडेन्सर भिंगे काढली आणि ती उलटसुलट बसवली, तर पडदा एकसारखा उजळत नाही व चित्र बिघडते. म्हणून काढण्यापूर्वी भिंगांचा क्रम आणि फुगीर बाजू कागदावर टिपून ठेवावी. उष्णता अडवणारी काच परत बसवायला विसरू नये. ती नसली तर फिल्म करपते.

दुसरा काळ फिल्मचा. १९३५ मध्ये कोडॅक कंपनीने कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आणली. पुढच्याच वर्षी ती ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी मिळू लागली. १९३९ पासून चित्रे दोन इंची पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून मिळण्याची सोय झाली. काचेची जागा पातळ फिल्मने घेतली आणि नवे दुखणे सुरू झाले. दिव्याची धग लागताच फिल्म फुगते आणि डोळ्यांदेखत स्पष्ट चित्र धूसर होते. समजा भिंग १०० मिलिमीटरचे आहे आणि भिंत ३ मीटरवर आहे. फिल्म अर्धा मिलिमीटर भिंगापासून मागे सरकली, तर स्पष्ट चित्र भिंतीच्या जवळजवळ ३७ सेंटीमीटर अलीकडे पडते!

या फुगवट्यावर दोन उपाय निघाले. एक, फिल्म दोन काचांमध्ये दाबून बसवणे. दुसरा, फुगीर फिल्मला जुळेल असे वक्र क्षेत्राचे भिंग बनवणे. आता गोम अशी, की वक्र क्षेत्राच्या भिंगासमोर काचेतली सपाट स्लाइड ठेवली, तर मध्य स्पष्ट दिसतो आणि कडा पुसट होतात. घरात दोन्ही प्रकारच्या स्लाइड्सची सरमिसळ असेल तर त्या वेगळ्या कराव्यात. निम्मी तक्रार तिथेच मिटते. आणि एकच बाजू धूसर असेल, तर आधी यंत्र भिंतीसमोर सरळ आहे का ते पाहावे, मग स्लाइड खाचेत तिरकी बसली आहे का ते.

तिसरा काळ हात काढून घेण्याचा. १९६१ मध्ये कोडॅकचा कॅरोसेल आला. ८० स्लाइड्सची गोल चकती वर बसे आणि एकेक स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली उतरे. पुढे फोकसही आपोआप होऊ लागला. एक लहान प्रकाशझोत स्लाइडवर तिरपा पडतो, परतलेला प्रकाश विद्युतघट टिपतो, आणि मोटर अंतर दुरुस्त करते. परंतु स्लाइड काचेतली असेल तर झोत काचेवरूनच परततो आणि यंत्र फसते. अशा वेळी स्वयंचलित फोकस बंद करून हातानेच भिंग फिरवावे.

चौथा काळ आपला, म्हाताऱ्या यंत्राचा. वंगण घट्ट होते, प्लॅस्टिकचे दाते झिजतात, रबरी पट्टे सैल होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशीचे जाळे धरते, आणि मग सगळेच चित्र दुधाळ दिसते. दुरुस्तीपूर्वी प्लग काढावा, यंत्र थंड होऊ द्यावे. परदेशातून आणलेले यंत्र किती व्होल्टचे आहे, हेही आधी वाचावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायचे. कोडाक्रोमचे रंग अंधारात दशकानुदशके टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रकाशात इतर फिल्मपेक्षा लवकर उडतात. म्हणून फोकसची खटपट करताना आजीचा फोटो दिव्यासमोर अडकवून ठेवू नये. त्यासाठी एखादी निकामी स्लाइड वापरावी. जमल्यावरच खरी लावावी आणि क्षणभर पाहून पुढे जावे.

कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले. कोडाक्रोम धुण्याचे कामही २०१० च्या अखेरीस जगातून बंद झाले. म्हणजे त्या फिल्मवर आता नवे चित्र उमटणार नाही. आहे ते तेवढेच. डबा भंगारात देण्यापूर्वी एक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून डोळ्याजवळ न्यावी. साध्या भिंगातून चेहरा नीट ओळखू आला, तर चित्र शाबूत आहे. मग दुरुस्ती यंत्राची करायची आहे, आणि ती न जमली तरी डबा ठेवायचाच आहे.