बहिष्कार आणि पर्याय: सातारा-सांगलीची परंपरा

खरेदी थांबवून सत्तेला जाब विचारण्याची रीत सातारा-सांगलीला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. साताऱ्यात १८२८ साली जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७२ मध्ये स्वदेशीचे व्रत घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादीच्या पोशाखात हजर राहिले. पुढे १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांनी बहिष्काराला लोकचळवळीचे बळ दिले.

पण विलायती माल टाकून वापरायचे काय? या प्रश्नाला या मुलखाने दिलेले उत्तर विलायती मालाच्या होळ्यांपेक्षा मोलाचे आहे. बेळगावातला कारखाना हलवावा लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे बनणाऱ्या लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडायला वेळ लागला, पण नांगर खपू लागला. कराडजवळ ओगलेवाडीच्या काचकारखान्यातून ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. परदेशी कंदील नाकारणाऱ्याला अंधारात बसावे लागले नाही.

नाकारण्यासोबत पर्याय उभा करण्याचा हाच विचार साताऱ्यातील प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर चाललेल्या लोकांच्या सरकारने, थेट राज्यकारभाराला लावला. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली गावोगावी न्यायदान मंडळे चालली. इंग्रजांच्या कोर्टाची पायरी न चढता तंटे गावातच मिटू लागले, कमी खर्चाची गांधी-लग्ने लागू लागली. निव्वळ असहकाराने एवढे साधले नसते.

इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी झालेल्या बहिष्कारांनाही पर्यायाची हीच कसोटी लागते. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील ‘सोपा’ या ऑनलाइन चाचेगिरीविरोधी विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या गोडॅडी कंपनीकडून ग्राहकांनी आपली संकेतस्थळ-नावे दुसरीकडे हलवायला सुरुवात केली आणि कंपनीने पाठिंबा मागे घेतला. नावे हलवणे सोपे होते. एप्रिल २०१५ मध्ये ठरावीक अ‍ॅपचा डेटा ग्राहकाला मोफत देणाऱ्या ‘एअरटेल झीरो’ योजनेत सामील होऊ पाहणाऱ्या फ्लिपकार्टचे अ‍ॅप भारतीय ग्राहकांनी काढून टाकले, त्याला एकाच ताऱ्याचे मानांकन दिले. दुसरी दुकाने उपलब्ध होतीच. काही दिवसांत फ्लिपकार्टने माघार घेतली. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने मजकुरानुसार वेगळे डेटादर आकारण्यास बंदी घातली.

याउलट, जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणाविरुद्ध अनेकांनी सिग्नल हे अ‍ॅप घेतले. कंपनीने मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मेपर्यंत पुढे ढकलली, पण धोरण रद्द केले नाही. भावकीचे, गावाचे आणि द्राक्ष बागायतदारांचे गट व्हॉट्सअ‍ॅपवरच होते, आणि एकट्याने बाहेर पडून ते सोबत नेता येत नव्हते.