आळे आणि आळेफाटा

पुण्याहून नाशिकास निघालेला प्रवासी नारायणगांव मागें टाकून थोडा पुढें गेला, म्हणजे एका गजबजलेल्या चौकांत येतो. येथून पश्चिमेची सडक माळशेज घाट उतरून कल्याणास जाते, पूर्वेची नगरकडे. हाच आळेफाटा. मूळचें आळे गांव जवळच आहे. पण फाट्यावर गाडी बदलणाऱ्या तिऱ्हाइताला त्याची चौकशी करण्याचें कारण सहसा पडत नाहीं. फाटा म्हणजे फांदी. येथें झाडाची ओळख फांदीवरून पटते!

प्राचीन काळीं या मुलुखाचें नाकें येथें नव्हतें. कल्याण बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असून, यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणें यांचे आंकडे त्यांत कोरलेले आहेत. जवळच एक दगडी रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत टाकीत, अशी समजूत आहे. परंतु पायऱ्यांच्या वाटेनें चाक चढत नाहीं. मोटारीची सडक शेजारच्या माळशेजनें गेली. नाणेघाट हौशी प्रवाशांपुरता उरला आणि जुन्नर हमरस्त्याच्या बाजूस पडलें.

आळे गांवाचा लौकिक मात्र सडकेहून जुना. ज्या रेड्यामुखीं ज्ञानेश्वरांनीं पैठणास वेद वदविले, त्यानें नेवाशाहून आळंदीस जातांना येथें देह ठेवला, अशी परंपरा आहे. त्याची समाधि गांवांत आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची, समाधि त्यानंतरची मानावी लागेल. रेडा बोलला कीं नाहीं, हा वाद इतिहासकारानें खुशाल घालावा. पण नेवासें-आळंदीची वाट आळ्यावरून जात असे, हें ही कथा सांगणाऱ्यांनीं गृहीतच धरलें आहे.

नाशिकच्या सडकेचा क्रमांक पूर्वीं ५० होता, कल्याणच्या सडकेचा २२२. २०१० सालच्या फेररचनेंत ते ६० व ६१ झाले. फाट्यावरील व्यवहाराला त्याचें सोयरसुतक नाहीं. जुन्नरच्या बाजार समितीचा उपबाजार येथें आहे. कांद्याचे लिलाव होतात, गाईंचा बाजार भरतो. माल चारी दिशांस जाऊं शकतो, म्हणूनच व्यापारी येथें येतो. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. भाव पडला तरी कांदा परत नेण्याचें भाडें त्याला परवडत नाहीं. चार सडका समोर असून त्याला घरची एकच वाट मोकळी राहते, आणि तीहि बहुधा रिकाम्या पोत्यांनिशीं.