खेळातले मरण, खेळातले पुनरुत्थान

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात आणि जपानी चलच्चित्रांना ‘अॅनिमे’. पडद्यावरचे व्हिडिओ खेळ हे या दोहोंचे धाकटे भावंड. आमच्या घरांतली मुले डोरेमॉन पाहत मोठी होतात, आणि वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप ठरलेला असतो: या चित्रांत मरण म्हणजे गंमत झाली आहे, माणूस पडतो, उठतो, पुन्हा लढतो, अशाने मुलांना जिवाची किंमत कशी कळावी? आम्ही या कलेचे जुने रसिक असलो, तरी हा आक्षेप हलका मानीत नाही. परंतु तिचा इतिहास पाहू लागले म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानात येते. मेलेले माणूस परत येत नाही, हे सत्य मुलांच्या चित्रांत आणण्यासाठीच जपानी कलावंतांच्या एका पिढीने आपले आयुष्य वेचले.

महायुद्धापूर्वीची चित्रे खरोखरच तशी होती. तागावा सुइहो यांचा ‘नोराकुरो’ हा काळा भटका कुत्रा १९३१ पासून मुलांच्या मासिकात सैनिक म्हणून अवतरला आणि घरोघरी लाडका झाला. अशा चित्रांतली शरीरे रबराची असत. आपटली, चेंगरली, तरी पुढच्या चौकटीत धडधाकट! युद्धाकडे निघालेल्या राष्ट्राला असली चित्रे सोयीची होती, हे निराळे सांगावयास नको.

१९४५ च्या जूनमध्ये ओसाका शहरावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा तेझुका ओसामू नावाचा सोळा वर्षांचा विद्यार्थी कारखान्यात सक्तीच्या कामावर होता. तो वाचला, भोवतालची माणसे जळताना त्याने पाहिली. त्याच वर्षी त्याने स्वतःपुरती एक चित्रकथा काढली होती. तीत विमानातून झाडलेली गोळी एका मुलाला लागते आणि त्याच्या अंगातून रक्त येते. रबराच्या बाहुल्यासारख्या रेषांनी काढलेला मुलगा आणि त्याचे खरे रक्त! युद्धोत्तर मांगाचा जन्म याच चौकटीत झाला, असे समीक्षक ओत्सुका एइजी मानतात. आम्हांसही ते पटते.

तेझुका पुढे वैद्यकशास्त्र शिकले. पण हाती लेखणीच राहिली. १९५१ मध्ये त्यांनी ‘आतोमू’ हा यंत्रबालक निर्मिला. त्याची कूळकथा पुष्कळांना ठाऊक नसते. तेन्मा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा मोटार-अपघातात मरतो. बाप दुःखाने वेडापिसा होऊन त्याच्याच रूपाचे यंत्र घडवितो. पण हा मुलगा वाढत नाही हे कळताच त्याला सर्कशीला विकून टाकतो. मेलेल्याच्या जागी दुसरा आणता येत नाही, हा त्या हसऱ्या बालकथेचा पाया आहे. १ जानेवारी १९६३ रोजी आतोमू दूरचित्रवाणीवर आला आणि दर आठवड्याच्या अॅनिमेची परंपरा रुजली.

समाजाने मात्र हे सहजासहजी ओळखले नाही. १९५५ च्या सुमारास ‘वाईट पुस्तके हटवा’ अशी चळवळ जपानभर उठली. पालक आणि शिक्षक पुढे झाले, काही ठिकाणी चित्रकथांची होळीही झाली. त्या पालकांचा हेतू वाईट नव्हता. पण आगीत काय पडले ते त्यांतील कितीजणांनी वाचून पाहिले असेल?

पुढे एक विलक्षण प्रसंग घडला. ताकामोरी आसाओ यांची कथा आणि चिबा तेत्सुया यांची चित्रे असलेल्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियोद्ध्याच्या चित्रकथेत नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी १९७० मध्ये मरण पावला. लढतीसाठी वजन उतरविताना त्याने देह झिजवला होता. जिंकला, आणि गेला. त्या वर्षी २४ मार्च रोजी प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत त्याचा अंत्यविधी झाला. कवी व नाटककार तेरायामा शूजी यांनी पुढाकार घेतला, आणि सुमारे सातशे माणसे कागदावरच्या त्या माणसाला निरोप देण्यास जमली. हसण्यासारखे यात काही नाही. जिथे मरण ही गंमत असते, तिथे कोणी अंत्ययात्रेस जात नाही.

या परंपरेचे सर्वांत कठोर पान नाकाझावा केइजी यांचे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात सहा वर्षांचा केइजी शाळेच्या भिंतीच्या आडोशाला होता, म्हणून वाचला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली सापडून गेले. मोठेपणी ते चित्रकार झाले. पण बॉम्बविषयी बोलणे टाळीत. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर आप्तांनी अस्थी वेचण्याची जपानी रीत आहे. आईच्या राखेत वेचण्याजोग्या अस्थी उरल्याच नव्हत्या. त्या बॉम्बने आईची हाडेदेखील नेली, या संतापातून त्यांची लेखणी वळली. १९७३ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात ‘हादाशी नो गेन’, म्हणजे अनवाणी गेन, ही चित्रकथा येऊ लागली. तीत कातडी लोंबणारी माणसे आहेत, आणि गव्हाच्या कोंबासारखा तुडवला तरी उभा राहणारा गेनही आहे. डिसेंबर २०१२ मध्ये नाकाझावा वारले. त्याच महिन्यात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने हे पुस्तक शालेय ग्रंथालयांत मुलांच्या हाती सहज पडू नये असे सांगितले. देशभर टीका झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये तो निर्बंध उठला. म्हणजे वडीलधाऱ्यांची तक्रार आता उलट झाली होती: मरण फार खरे दाखविले आहे!

खेळांचा प्रश्न अधिक अवघड आहे. तिथे मरण हा नियमाचा भाग असतो. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये एक तोफ उडाली की दुसरी हजर. १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. कथा होरी यूजी यांची, चित्रे मांगाकार तोरियामा आकिरा यांची. खेळ थांबवताना वीस अक्षरांचा एक मंत्र मिळे. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा. त्याचे नाव ‘फुक्कात्सु नो जुमोन’. जपानी ख्रिस्ती लोक ईस्टरला ‘फुक्कात्सुसाई’ म्हणतात. त्यातला ‘फुक्कात्सु’, म्हणजे पुनरुत्थान, तोच हा शब्द! पुढल्या भागांत तर प्रार्थनामंदिरातला धर्मगुरू द्रव्य घेऊन मृत साथीदाराला उठवून देतो. आमच्यासारख्या वाचकांना इथे हसू यावे आणि थोडे खटकावेही. पुनरुत्थान इतके स्वस्त झाले, तर मरणाला अर्थ उरत नाही.

ही खंत खेळकर्त्यांच्याच मनात होती, असे दिसते. साकागुची हिरोनोबू हे ‘फायनल फॅन्टसी’ मालिकेचे जनक. तिसऱ्या भागाचे काम चालू असता त्यांची आई वारली. ते दुःख पुढच्या कामात उतरल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९९७ च्या सातव्या भागात एरिथ नावाची युवती गुडघे टेकून प्रार्थना करीत असता तलवारीने मारली जाते. खेळाडूच्या झोळीत मेलेल्यांना उठविणारी पिसे असतात. कितीही वापरा, एरिथ उठत नाही. नायक तिला पाण्यात सोडतो आणि खेळ तिच्यावाचून पुढे चालतो. तिला परत आणण्याची गुप्त वाट शोधण्यात जगभरच्या मुलांनी महिने घालविले. वाट नव्हती. आयुष्यातले पहिले मरण कित्येकांनी असे अनुभवले.

या नावाखाली रक्ताचा नुसता बाजार मांडणाऱ्या कृतीही ढीगभर निघतात, हे आम्ही नाकारीत नाही. मुलाच्या वयाला काय झेपेल हे पाहणे वडीलधाऱ्यांचे कामच आहे. तेवढ्यासाठी मात्र त्याच्या शेजारी बसावे लागते. १९५५ च्या पालकांनी पुस्तके आगीत टाकली, मात्सुएच्या मंडळाने कपाटात ठेवली. मुलाने वाचून काय जाणले हे विचारण्याचे काम दोघांकडूनही राहून गेले. म्हणून वाचकहो, घरातले मूल पडद्यापुढे एकदम गप्प झालेले दिसले, तर त्याच्या हातातून खेळ काढून घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: कोण गेले?