भिवंडीत लाल गुलाब पावसाळ्यातच का मरतो? बुटक्या गुलाबाचं गणित समजून घ्या

डिसेंबरमध्ये नर्सरीतून लाल गुलाबाचं रोप येतं. जानेवारीत ते फुलांनी भरतं आणि त्याचे फोटो स्टेटसला जातात. मे महिन्यात फुलं लहान होतात, जुलैत पानं पिवळी पडून गळतात आणि गणपती येईपर्यंत कुंडीत नुसत्या काळ्या काड्या उरतात. भिवंडी, ठाणे, वसई पट्ट्यातल्या अनेक गॅलऱ्यांमध्ये दरवर्षी हेच घडतं. मग निष्कर्ष निघतो, 'आपल्याकडे गुलाब होत नाही.'

खरं तर गुलाब होतो. फक्त जात योग्य लागते आणि वर्षाचं वेळापत्रक पावसाच्या हिशेबानं बांधावं लागतं.

भिवंडीत नेमकी अडचण काय?

भिवंडी कामवारी नदीच्या काठावर वसली आहे आणि शहराजवळच खाडी आहे. समुद्र थेट दिसत नसला तरी हवा किनारपट्टीचीच. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत.

गुलाबाला या काळात दोन बाजूंनी फटका बसतो. मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पानं सतत ओली राहिली की 'काळा ठिपका' हा बुरशीजन्य रोग येतो. या बुरशीच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पान साधारण ७ तास ओलं राहावं लागतं. कोकणातल्या जुलैत अशी रात्र रोजचीच. पानावर कडा फाटल्यासारखे काळे डाग पडतात, भोवती पिवळेपणा येतो आणि पान गळतं. पानंच नसतील तर झाड अन्न तयार करणार कसं?

शिवाय यूट्यूबवरचे गुलाबाचे बरेच व्हिडिओ उत्तर भारतातल्या बागांमधले असतात. तिथली कडक थंडी आणि कोरडी हवा भिवंडीत नाही. त्यामुळे तो सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

मग कोणता गुलाब घ्यायचा?

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेला 'ग्लॅडिएटर' किंवा बुकेमध्ये दिसणारा लांब दांड्याचा गुलाब उंच वाढतो. एका दांड्यावर एकच मोठं, भरगच्च फूल, हे त्याचं वैशिष्ट्य. छोट्या जागेसाठी मात्र ताटव्यात लावायचे बुटके गुलाब सोयीचे. ते गुडघ्याएवढे किंवा त्याहून थोडे उंच होतात, झुडूप आटोपशीर राहतं आणि एका फांदीवर फुलांचा घोसच येतो.

नर्सरीत ते तीन नावांनी मिळतात: फ्लोरिबंडा, पॉलिअँथा आणि मिनिएचर. सगळ्यात लहान फुलांच्या रोपाला अनेक जण 'बटन गुलाब' म्हणतात.

या गुलाबांचा इतिहासही रंजक आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे. वर्षभर पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण आणि गडद लाल रंग तिकडे पोहोचला तो १८व्या शतकाच्या अखेरीस गेलेल्या चिनी गुलाबांमुळे. पुढे फ्रान्समधल्या ल्याँ शहरातून १८७५ मध्ये पहिला पॉलिअँथा बाजारात आला. १९२४ मध्ये डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी पॉलिअँथाचा मोठ्या फुलांच्या गुलाबाशी संकर करून तयार केलेल्या जाती आणल्या. त्यांनाच पुढे फ्लोरिबंडा हे नाव पडलं. १९३६ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालेला लाल 'टॉम थंब' आला आणि मिनिएचर गुलाबांची चलती सुरू झाली.

रोप निवडताना जातीच्या नावाइतकंच फुलाकडेही पाहा. पाकळ्या कमी आणि फूल सैल असेल तर ते पावसात उघडतं. खूप पाकळ्यांची घट्ट कळी पाणी धरून ठेवते आणि न उमलताच तपकिरी होऊन सडते.

आणखी एक गोष्ट तपासा. रोप कलमी असेल तर खोडाच्या तळाशी जोडाची गाठ दिसते. त्या गाठीच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे जंगली गुलाबाचा असतो. तो जोमानं वाढतो आणि वरच्या कलमाचा जीव घेतो. दिसला की बुडापासून काढा. बरेच बटन गुलाब फांदीपासून केलेले असतात, त्यांना ही भानगड नसते.

कुंडी कशी भरायची?

नर्सरीतल्या अनेक रोपांच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर पावसाळ्यात आतली माती चिखल होऊन राहते. त्यामुळे रोप आणल्यावर आठवडाभर सावरू द्या, मग गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हातानं सोडवा. मुळं तोडू नका.

बटन गुलाबाला १० इंची, फ्लोरिबंडाला १२ इंची कुंडी पुरते. २ भाग माती, १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि १ भाग जाडी वाळू, सोबत मूठभर निंबोळी पेंड. कुंडी भरल्यावर तांब्याभर पाणी ओता. एक-दोन मिनिटांत खालून पाणी यायला हवं. नाही आलं तर छिद्र मोकळं करा किंवा वाळू वाढवा. कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

ऊन रोज किमान ६ तास हवं, तेही शक्यतो सकाळचं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात गडद लाल पाकळ्यांच्या कडा करपून काळ्या पडतात. त्या दिवसांत दुपारपुरती सावली दिलेली बरी.

अंगणात ताटवा करायचा असेल तर?

आधी फूटभर खोल खड्डा करून तो पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर सपाट जमिनीवर गुलाब लावू नका. त्याऐवजी जमिनीपासून ९ इंच ते १ फूट उंच गादीवाफा करा. खाडीकाठच्या चिकण जमिनीत हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

दोन रोपांमध्ये दीड फूट अंतर ठेवा. साडेचार बाय सहा फुटांच्या वाफ्यात १२ रोपं बसतात. ताटवा लवकर भरावा म्हणून दाटीनं लावली तर मधून वारा फिरत नाही, पानं वाळत नाहीत आणि काळा ठिपका एका झाडावरून सगळ्या ताटव्यात जातो.

बोअरवेलचं पाणी चालतं का?

हे पाण्यावर अवलंबून आहे. खाडीलगतच्या बोअरवेलचं पाणी खारट असू शकतं आणि गुलाबाला क्षार सोसत नाहीत. कुंडीच्या कडेला पांढरी पपडी धरणं आणि पानांच्या कडा वाळून तपकिरी होणं ही त्याची लक्षणं. नळाचं पाणी मिळत असेल तर तेच द्या. पपडी दिसली तर वरची इंचभर माती बदला आणि कुंडीतून भरपूर गोडं पाणी वाहू द्या, म्हणजे क्षार धुऊन निघतील.

निचरा चांगला असेल तर हे काम पाऊस फुकटात करतो. निचरा नसेल तर तोच पाऊस मुळं कुजवतो.

उत्तन, वसई, अलिबागसारख्या थेट समुद्रकाठच्या ठिकाणी खाऱ्या वाऱ्यानंही पानं करपतात. तिथे झाडं भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आडोशाला ठेवावीत, पण हवा कोंडेल इतकी चिकटून नाही.

वर्षभराचं वेळापत्रक कसं असावं?

जून ते सप्टेंबर: या काळात फुलांची अपेक्षा ठेवू नका, झाड जगवा. कुंडी उजेड येईल पण सरळ पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. पागोळीखाली तर अजिबात नको. डाग पडलेली पानं रोज काढा आणि खाली पडलेलीही उचला, कारण बुरशी त्यातच टिकते. ती पुन्हा कुंडीत टाकू नका. या दिवसांत जोरकस खत आणि मोठी छाटणी टाळा.

ऑक्टोबर: पाऊस थांबल्यावर, महिन्याच्या मध्यावर छाटणी करा. वाळलेल्या, काळ्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. उरलेल्या साधारण एक तृतीयांशानं कमी करा. काप बाहेरच्या दिशेनं असलेल्या डोळ्याच्या थोडा वर, तिरका घ्या. मग शेणखत घाला.

नोव्हेंबर ते मार्च: छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं येतात. घोस सुकला की पहिल्या सशक्त पानापर्यंत कापा, म्हणजे नवा फुटवा येतो. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या. रस्त्याची धूळ बसत असेल तर सकाळी पानं धुवा, दुपारपर्यंत ती वाळतात. थंडीत पानांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी. तिथेही उपाय तोच, मोकळी हवा आणि रोगट शेंडे काढणं.

एप्रिल-मे: फुलं कमी आणि लहान येतील. माती पालापाचोळ्यानं झाका आणि लाल कोळी दिसतो का, ते पानं उलटून पाहा. पहिल्या पावसाआधी पाचोळा काढून कुंडीचं छिद्र मोकळं आहे का, हेही तपासा.

जुलैत पानं गळाली, आता रोप फेकायचं का?

लगेच नाही. फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. कुंडी आडोशाला घ्या, माती वरून कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका आणि ऑक्टोबरची वाट पाहा. साल खालपर्यंत तपकिरी निघाली तरच कुंडी रिकामी करा. नवं रोप लावण्याआधी माती मात्र बदला.