दहा डॉलरचा वकील

अमेरिकेत सैन्यात असताना जखमी किंवा आजारी झालेल्या माणसाला सरकार दरमहा भरपाई देतं. अपंगत्व ० ते १०० टक्के, दहा-दहाच्या पायऱ्यांनी मोजतात. बेरीजही सरळ नाही. एका दुखण्याचे ५० आणि दुसऱ्याचे ३० म्हणजे ८० नव्हेत! पहिल्या ५० नंतर जो अर्धा माणूस उरला, त्याचे ३० टक्के म्हणजे १५. झाले ६५, आणि ते धरायचे ७०. आता एखाद्याला वाटलं की आपल्याला कमी मिळालं, तर त्याने काय करायचं?

या प्रश्नाचा इतिहास जरा कडूच आहे.

यादवी युद्ध चालू असताना १८६२ साली पेन्शनचा कायदा झाला. पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. त्यात दलाल आणि वकील हात मारतील म्हणून त्यांच्या फीवर मर्यादा घातली. १८६४ मध्ये ती १० डॉलर झाली. हेतू चांगलाच होता. पण आकडा तिथेच गोठला. शंभर वर्षांनीही तेच १० डॉलर! एवढ्यात कुठला वकील उभा राहणार? शिवाय खात्याने नाही म्हटलं की कोर्टाचं दारही बंद.

अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गामुळे आजारी पडलेल्या सैनिकांच्या संघटनेने या मर्यादेला आव्हान दिलं. असला गुंतागुंतीचा दावा एकट्याने कसा सिद्ध करायचा? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मर्यादा कायम ठेवली. सरकार सैनिकाचा प्रतिपक्ष नाही, वकील आले की उगाच भांडण होईल, असा एकंदर सूर. शेवटी १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय दिलं आणि ती मर्यादाही गेली.

२०१७ च्या कायद्याने फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा झाल्या. नवा पुरावा जोडून पुरवणी दावा. वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, जिथे नवा कागद चालत नाही. किंवा अपील मंडळ. निर्णयानंतर वर्षाच्या आत पुढची वाट धरली, तर भरपाई लागू होण्याची मूळ तारीख सहसा शाबूत राहते.

निवड कशी करायची? मला वाटतं, सगळं एका प्रश्नावर येतं: कागद कमी पडला, की असलेला कागद नीट वाचला गेला नाही? डॉक्टरचं मतच फायलीत नसेल, तर फेरतपासणी मागून काय उपयोग? आणि सगळं फायलीत असूनही नियम चुकीचा लावला असेल, तर नवे कागद गोळा करण्यात वेळ का घालवायचा?

पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा भरला तर कौल सैनिकाला, असा तिथला नियम आहे. उदार आहे खरा. पण समोरचा उदार आहे, मग वकील कशाला, हेच तर त्या सैनिकांना इतकी वर्षं ऐकवलं गेलं. उदारपणावर विसंबावं, पण दाद मागायची वाट आपल्या हातात असावी. ती मिळायला १८६४ पासून १९८८ पर्यंत, म्हणजे १२४ वर्षं लागली.